टीव्हीपुढचा झिम्मा

मैत्रिणींनो, आज एक अगदी साधा प्रश्न विचारते. तुम्ही शेवटच्या खेळलात केव्हा? मुलाला अंगणात चार चेंडू टाकलेत किंवा सुटीत पत्त्यांच्या डावाला भिडू कमी पडला म्हणून बसलात, ते यात धरू नका. स्वतःसाठी, घाम फुटेपर्यंत, हसून हसून पोट दुखेपर्यंत खेळलात अशी वेळ कधीची?

बऱ्याचजणींचं बोट लग्नानंतरच्या मंगळागौरीवर जाऊन थांबेल. श्रावणातल्या मंगळवारची पूजा, जेवणं, आणि मग रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं. पदर खोचून नाचायला खुद्द वडीलधाऱ्यांचीच परवानगी! पण ही परवानगी पाच वर्षांची. पाचव्या वर्षी उद्यापन झालं की व्रताबरोबर आपला खेळही संपतो. पुढं दुसरीच्या मंगळागौरीला जायचं ते बहुधा भिंतीला टेकून बसायला आणि ‘आमच्या वेळी बाई...’ म्हणायला. ज्यांच्या घरी ही रीतच नाही त्यांना तेवढंही नाही. आणि नवरा गेलेल्या बाईला तर या सोहळ्यात पूर्वी जागाच नसे.

आपलं पनवेलही आता निव्वळ वाड्यांचं आणि आळ्यांचं राहिलेलं नाही. १८५२ सालची इथली नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर असं करीत गाव पार दूरवर पसरलं. वाड्याच्या ओसरीवर वीस बायकांचा झिम्मा रंगत असे. ब्लॉकच्या दिवाणखान्यात सोफा, टीपॉय आणि टीव्ही मांडून झाल्यावर फुगडीपुरती तरी जागा उरते का?

गंमत अशी, की त्याच टीव्हीपुढं उभं राहून गाण्यावर नाचण्याचा, वाजवण्याचा एक खेळ निघाला आहे. घरात तो येतो बहुधा मुलांच्या हट्टानं, वाढदिवसाची भेट म्हणून. मुलं नाचतात आणि आई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी राहते. मला सांगायचं आहे ते एवढंच, की हा खेळ ज्यांच्यासाठी म्हणून निघाला, त्यांत तुम्हीही होतात.

रिमोट कुणाच्या हातात?

व्हिडीओ गेम म्हटला की डोळ्यांपुढं काय येतं? दोन्ही हातांत धरायचा, दहा-बारा बटणांचा तो ठोकळा, आणि त्यावर अंगठे आपटणारा मुलगा. ज्याला त्या बटणांची सवय नाही तो पहिल्या मिनिटाला हरतो आणि पुन्हा म्हणून हात लावत नाही.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं २००६ साली ‘वी’ नावाचं यंत्र आणलं ते या मंडळींकडे पाहून. कधीच न खेळलेल्या माणसांनाही खेळावंसं वाटावं, घरातल्या आईला हे धूड नकोसं होऊ नये, हा विचार यंत्र घडवतानाच झाला होता. म्हणून ते आकारानं लहान ठेवलं. आणि हातात धरायच्या दांडीचं नाव ठेवलं चक्क ‘रिमोट’. कारण टीव्हीचा रिमोट घरात सगळेच उचलतात, त्याला कुणी बिचकत नाही. बटणं दाबण्यापेक्षा दांडी नुसती हलवायची. रॅकेटसारखी फिरवली की पडद्यावर टेनिसचा फटका बसे. या यंत्राचे दहा कोटींहून जास्त नग जगभर खपले. परदेशांत वृद्धाश्रमांत आणि रुग्णांना व्यायाम देणाऱ्या दवाखान्यांतही ते जाऊन पोचलं.

संगीताचा खेळ त्यावर आला २००८ साली, ‘वी म्युझिक’ या नावानं. शिगेरू मियामोतो हे निन्टेन्डोचे नामवंत खेळकार त्यामागे होते. साठाहून अधिक वाद्यं त्यात होती. पियानो, व्हायोलिन, ढोल, आणि आपली सतारसुद्धा! व्हायोलिन वाजवायचं तर हात गजासारखा पुढं-मागं न्यायचा, ढोल वाजवायचा तर टिपरीसारखा खाली आणायचा. कुठला सूर लागायचा ते यंत्र बघून घेई. केव्हा आणि कसा, ते तुमचा हात ठरवी. ज्यांना गाण्याची हौस आहे पण कधी शिकायला मिळालं नाही, अशा आपल्यासारख्यांना चार मिनिटं ‘मी वाजवते आहे’ एवढं सुख मिळावं, हा त्यातला हेतू.

पुढच्याच वर्षी, २००९ साली, ‘जस्ट डान्स’ आला. फ्रान्सच्या यूबीसॉफ्ट कंपनीच्या एका विनोदी खेळात मध्येच नाचायचा एक छोटा तुकडा होता. तो लोकांना आवडलासा पाहून त्याचाच स्वतंत्र खेळ झाला. पडद्यावर एक नर्तकी नाचते, आपण आरशात पाहावं तसं तिच्याबरोबर नाचायचं. चौघीजणी एका वेळी खेळू शकतात. दरवर्षी नवा भाग निघत गेला आणि आजही तो खेळ चालू आहे.

दांडीच्या आत काय असतं?

तुम्ही म्हणाल, हात हलला हे त्या दांडीला कळतं तरी कसं? पनवेलच्या एस.टी. स्टँडवर गाडीत उभ्या आहात असं समजा. ड्रायव्हरनं एकदम गाडी सोडली की आपण मागं जातो. ब्रेक लावला की पुढं. दांडीच्या आत एका इवल्याशा चकतीत नुसत्या डोळ्यांना न दिसणारं एक वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. दांडी हलली की ते असंच मागं-पुढं झोके खातं. ते किती सरकलं हे विजेच्या साहाय्यानं मोजायचं, आणि त्यावरून हात किती जोरात, कोणत्या दिशेला गेला ते ताडायचं. आपल्या मोबाईलमध्येही हीच चकती असते. फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं ते तिच्यामुळेच.

२०१० साली मायक्रोसॉफ्ट कंपनीनं ‘किनेक्ट’ काढला. त्यात हातात काहीच धरायचं नसे. कॅमेराच सगळं अंग पाही. पण त्याला समोर सहा फूट मोकळी जागा लागे, दोघं असतील तर त्याहून जास्त. आपल्या ब्लॉकमध्ये त्यासाठी सोफाच गॅलरीत काढावा लागला असता! २०१७ साली तो बनवणंही थांबलं. दांडीचा आणि फोनचा खेळ मात्र टिकला.

चुका न काढणारा खेळ

हे दोन्ही खेळ आले तेव्हा जाणकार परीक्षकांनी नाकं मुरडली होती. वी म्युझिकमध्ये जिंकायला काही नाही, गुण मिळवायची ईर्षा नाही. मग खेळायचं कशासाठी? जस्ट डान्स फारच सोपा, त्याला नाचाची खरी पारख नाही. आणि तरीही जस्ट डान्स धडाधड खपला. असं का झालं असावं?

मला वाटतं, परीक्षक ज्याला उणीव म्हणत होते तीच कित्येकांची गरज होती. तुमचा-माझा सबंध दिवस परीक्षेतच जातो, नाही का? आमटीत मीठ बरोबर पडलं का, मुलाच्या वहीत शेरा का आला, सासूबाईंच्या गोळ्या दिल्या का, ऑफिसात उशीर का झाला. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मनात गुण मांडत असतं. अशा बाईला करमणुकीतही पुन्हा नापास करणारा खेळ कशाला हवा? जस्ट डान्स गुण देतो खरे, पण तुम्ही कितीही वाईट नाचलात तरी गाणं मध्येच बंद पडत नाही, ‘हरलात’ म्हणून पाटी येत नाही. शेवटच्या ठेक्यापर्यंत तुम्ही खेळातच असता.

आणि हे आपल्याला नवं कुठं आहे? मंगळागौरीच्या फुगडीला कोण गुण देतं? दम लागला की हसत बाजूला व्हायचं, दुसरीनं पुढं यायचं. पनवेलच्या आसपासच्या गावांतून गौरीच्या रात्री बायका फेर धरतात, त्यात चुकलेल्या पावलाला कुणी बाहेर काढत नाही. आगरी लग्नांत धवला गाणाऱ्या धवलारणीमागं बाकीच्या बायका सूर धरतात. कुणाचा सूर खाली, कुणाचा वर, पण धवला पुढं जातच राहतो. जपान-फ्रान्सच्या हुशार लोकांनी यंत्रात बसवलं, ते आपल्या आज्या ओसरीवर करीतच होत्या.

त्यात आपल्या जवळचाही हात लागलेला आहे, बरं का! यूबीसॉफ्टनं २००८ साली पुण्यातला एक स्टुडिओ आपल्याकडे घेतला, आणि पुढं जस्ट डान्सच्या कामात पुण्यातल्या मंडळींचाही वाटा राहिला. म्हणजे कळंबोलीहून एक्स्प्रेस वेला लागलं की दोनेक तासांच्या रस्त्यावर बसलेल्या लोकांनीही हा ‘फॉरेनचा’ खेळ घडवायला मदत केली. २०१० सालच्या दुसऱ्या भागात हिंदी सिनेमाच्या धर्तीचं एक नाचगाणंही होतं. बाकीची गाणी बहुतेक इंग्रजी. पण ठेका धरायला शब्द कळावे लागत नाहीत, हे बँडच्या तालावर वरातीत नाचलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

यंत्राला न दिसणारं

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही जाहिरात होईल.

पहिली गोष्ट म्हणजे, दांडीला फक्त हात कळतो. पाय कुठं पडले, कंबर हलली की नाही, याची तिला वार्ताही नसते. मुलं हे चटकन ओळखतात आणि सोफ्यावर लोळत नुसता हात हलवून भरघोस गुण मिळवतात. तेव्हा गुणांवरून व्यायामाचा हिशेब करू नका. गाणं संपल्यावर बोलताना थोडी धाप लागते आहे का, तो खरा हिशेब.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. फुगडीत आपला सगळा तोल दुसरीच्या हातांत असतो. तिनं हात सोडला तर आपण पडू आणि आपण सोडला तर ती, म्हणून दोघी घट्ट धरतात. सासरी नुकतीच आलेली मुलगी शेजारणीचे हात असे धरते तेव्हा तिला या गावात पहिली मैत्रीण मिळालेली असते. हे काम कुठलीही दांडी करणार नाही. यंत्र ठेका देईल. सोबत तुम्हालाच जमवायची आहे. म्हणून हा खेळ एकटीनं दार लावून खेळण्यापेक्षा समोरच्या ब्लॉकमधल्या बाईला हाक मारून खेळावा. त्याला मुहूर्त लागत नाही, व्रत लागत नाही, आणि गळ्यात मंगळसूत्र आहे की नाही हे तो विचारत नाही. आपल्या इमारतीत अशी एखादी बाई असेल, जिला हळदीकुंकवाला बोलावताना सगळ्या जरा अडखळतात. या खेळाला तिला सर्वांत आधी बोलवा.

वेळ कुठून आणायचा?

‘हे सगळं ठीक आहे हो, पण वेळ?’ ही तक्रार खोटी नाही. सरकारनं २०१९ साली देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७. पुन्हा २०२४ साली पाहणी झाली तेव्हा बायकांचा आकडा २८९ वर आला होता आणि पुरुषांचा ८८ वर. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं सुटली, आणि त्यांचीही नऊ मिनिटं सुटली!

हसू नका, ती दहा मिनिटं कुठं गेली याचा विचार करा. एक गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं असतं. दहा मिनिटांत तीन गाणी होतात. डबे गेल्यावर आणि केर-फरशीला लागण्याआधी, किंवा संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, तेवढा वेळ निघू शकतो. निघत नसेल तर मागून घ्यायला हवा. ‘मी तीन गाणी खेळते आहे, तोवर कुकर बंद करा,’ हे वाक्य एकदा म्हणून तर पाहा. खरं अवघड जातं ते नाचणं नव्हे. हे वाक्य तोंडातून बाहेर काढणं अवघड जातं.

घरात आणण्यापूर्वी

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी.

* लगेच पैसे घालू नका. नातेवाइकांकडे, शेजारी यंत्र असेल तर आधी तिथं खेळून पाहा. जुनं वी यंत्र स्वस्तात मिळालं तर लक्षात ठेवा, त्याचं उत्पादन २०१३ साली थांबलं आणि त्याचं ऑनलाईन दुकान २०१९ साली बंद झालं. चकती घालून खेळता येईल, पण दुरुस्तीची हमी नाही. जस्ट डान्सचा त्या यंत्रासाठीचा शेवटचा भागही २०१९ सालचाच.
* फोन हातात धरून जस्ट डान्स खेळायची सोय २०१४ साली सुरू झाली. नव्या यंत्रांवरही फोन दांडीसारखा वापरता येतो. दर महिन्याला पैसे कापणारी वर्गणी आपोआप चालू होत नाही ना, हे घरातल्या जाणत्याकडून आधी बघून घ्या.
* दांडीची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळू नये. वी निघाली तेव्हा लोकांच्या हातून दांड्या निसटून टीव्ही फुटले, दिवे फुटले. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीला ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या! फोन घेऊन खेळताना तर मूठ घट्टच हवी.
* टीपॉय बाजूला सारा. वर पाहा, पंखा खाली असेल तर हात उंचावताना जपा, नाहीतर पंखा बंदच ठेवा. लहान मूल रांगत असेल तर त्याला दुसऱ्या कुणाच्या मांडीवर द्या.
* गुळगुळीत लाद्यांवर मोजे घालून किंवा सतरंजी टाकून नाचू नका, पाय सरकतो. अनवाणी किंवा रबरी तळव्याचे बूट बरे. पंजाबी ड्रेस उत्तम; साडी असेल तर पदर खोचून, निऱ्या वर घेऊन. काचेच्या बांगड्या काढून ठेवा.
* खालच्या मजल्यावर माणसं राहतात! दुपारच्या झोपेच्या वेळी आणि रात्री उशिरा उड्या नकोत.

अंगाला झेपेल तेवढंच

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. आठवड्याचे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झाला की ती भरतात, आणि त्यात नाचही चालतो, भराभर चालणंही चालतं. पण वर्षानुवर्षं बसलेली बाई पहिल्याच दिवशी अर्धा तास नाचली तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठणार नाही. पहिला आठवडा दोन संथ गाणी, मग तीन, मग चार. सुरुवातीला जागच्या जागी पावलं टाकून अंग गरम करून घ्या आणि शेवटी एकदम बसू नका.

गुडघे दुखत असतील तर उडीच्या जागी नुसतं पाऊल टाका; दांडीला फरक कळत नाही, हा तिचा दोष इथं गुण ठरतो. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबावं.

एक गोष्ट बायका एकमेकींतही बोलत नाहीत, म्हणून इथं लिहिते. बाळंतपणांनंतर बऱ्याचजणींना उडी मारताना, खोकताना, हसताना थेंब-थेंब लघवी होते, आणि त्या भीतीनं त्या नाचणं काय, मोकळं हसणंही सोडतात. हे सर्रास आढळतं आणि त्यावर उपाय आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करणारे सोपे व्यायाम असतात. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. लाज वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

शिकवणारी मुलं, शिकणारी आई

या खेळाचा मला सर्वांत आवडलेला भाग शेवटी सांगते. घरात एरवी शिकवायचं काम आपलं. इथं मुलगा किंवा मुलगी शिकवते आणि आई चुकते. आई चुकते, हसते आणि पुन्हा उभी राहते, हे मुलांनी पाहायला हवं. आईला सगळं येतंच, तिला दमायला होत नाही, तिला काही हवंसं वाटत नाही, अशा समजुतीत वाढलेला मुलगा पुढं बायकोकडूनही तेच मागतो. आपली आई एका गाण्यासाठी हक्कानं रिमोट मागते, हा धडा त्याला शाळेत मिळणार नाही. सासूबाई बसल्या असतील तर त्यांच्याही हातात द्या. खुर्चीत बसून हात हलवले तरी खेळता येतं, आणि त्यांचं उद्यापन होऊन तर चाळीस वर्षं लोटलेली असतात.

यंत्र घेता आलं नाही तरी अडत नाही. मोबाईलवर आवडीचं गाणं लावा, चौघी मैत्रिणी जमवा, तेही चालेल. पण ज्या घरात यंत्र आधीच आलेलं आहे, तिथल्या मैत्रिणींनी मात्र या रविवारी बशा ओट्यावर ठेवाव्यात, हात पुसावेत आणि मुलांना सांगावं, ‘सरका रे जरा, पुढचं गाणं माझं.’